जिन्यात बोललास ना, जिन्यातच बोल

माझा स्वभाव वाईट आहे. कौतुकाने सांगत नाही, पण मला त्याची लाजही वाटत नाही. कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मी विसरेन. माझ्या मेलेल्या बापाबद्दल जिन्यात उभं राहून वाट्टेल ते बोललेला माणूस मात्र मी विसरत नाही, आणि त्यालाही विसरू देत नाही.

बाबा गेल्यावर आई मुलुंडच्या घरात एकटी राहायला लागली. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी लग्न होऊन घाटकोपरला, धाकटा भाऊ भांडुपला. म्हणजे तसे आम्ही दोघं हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायचा आईचा स्वभावच नाही. उंबऱ्यावर साप आला तरी ती आधी आम्ही जेवलो का ते विचारेल.

तर सगळी सुरुवात झाली तेराव्याला. आमच्या घराण्यात पद्धत आहे. जेवणं उरकली, पानं उचलली, की घरच्या मुलाने चार लोकांसमोर हात जोडून विचारायचं, "गेलेल्या माणसाकडून कुणाचं काही येणं राहिलं असेल तर मोकळेपणी सांगा, आम्ही फेडू." कुणी सांगत नाही. सांगायचं नसतंच. म्हातारे माना डोलावतात, "छे छे, उलट त्यांचेच उपकार," असं म्हणतात आणि बडीशेप खाऊन घरी जातात. भावानेही विचारलं, म्हातारे डोलले, झालं. पण माझा भाऊ म्हणजे असा सज्जन की त्याने ते मनावर घेतलं.

बाबांचं एक क्रेडिट कार्ड होतं. शेवटच्या आजारपणात त्याचं बिल भरायचं राहून गेलं. कोण बघणार होतं तेव्हा? आम्ही आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. नंतर बँकेत कळवलं, बाबांच्या खात्यात होतं त्यातून मुद्दल फिटलं, पावती मिळाली. संपायला हवं होतं. पण मग भावाला एका वसुलीवाल्या एजन्सीकडून फोन आला. म्हणे दंड राहिलाय, दंडावरचं व्याज राहिलंय. तर हा पठ्ठ्या काय म्हणाला? "काळजी करू नका साहेब, मी तेराव्याला शब्द दिलाय. बाबांचा एक पैसा ठेवणार नाही."

आता सांगा! वसुलीवाल्याला कुणी असं सांगतं? मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. भावाने स्वतःच्या पगारातून एकदा भरले. मग नवीन आकडा आला, तोही भरला. मला काही सांगितलं नाही, कारण मी भांडेन. मी भांडलेच असते. तिसऱ्या वेळी त्याच्या पोराची शाळेची फी आली आणि त्याने थोडं थांबा म्हटलं. ते थांबतात कसले! ते थेट मुलुंडला, आईच्या दारात गेले.

मी तिथे नव्हते. मला सांगितलं ते समोरच्या काकूंनी, फोनवर, रडत. दुपारी एक माणूस आला, डोक्यावर गॉगल, हातात हेल्मेट. आईने दार उघडलं, जाळीचं तसंच ठेवून. त्याने मावशी मावशी करत सुरुवात केली, आणि आई म्हणाली मुलाशी बोला, तसा हा जिन्यात मागे सरकला आणि वरच्या-खालच्या मजल्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "तुमचा माणूस पैसे बुडवून मेला! ऐका बिल्डिंगवाल्यांनो, पैसे बुडवून मेला!" काकू बाहेर आल्या, त्यांनी त्याला हाकललं. जाता जाता तो प्रत्येक मजल्यावर थांबून तेच ओरडत गेला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाबा म्हणजे भाजीवाल्याकडे सुटे नसले तर दोन रुपये द्यायला पुन्हा दोन मजले उतरणारा माणूस. त्यांच्याबद्दल हे?

आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज. नाव न घेता, अगदी शुद्ध मराठीत: सभासदांनी आपले वैयक्तिक आर्थिक व्यवहार सोसायटीच्या आवाराबाहेर मिटवावेत. खाली सात-आठ जणांचे अंगठे. अंगठे कुणाकुणाचे आहेत ते मी बघून ठेवलं.

आईने घराबाहेर पडणंच सोडलं. दुपारी वरच्या मजल्यावर बायका पोथी वाचायला जमतात, तिथे जाईना. भाजी फोनवर मागवायला लागली, तीही काकूंच्या नावावर. बेलचं बटण आतून बंद करून ठेवलं. मी गेले की मला दारावर थापा माराव्या लागायच्या आणि आतून ती विचारायची, "कोण?" त्या "कोण"मध्ये जी भीती होती ना, ती ऐकून मला त्या गॉगलवाल्याचा गळा धरावासा वाटायचा. सत्तरीला आलेली बाई, आयुष्यभर ताठ मानेने राहिलेली, आणि स्वतःच्या घरात चोरासारखी बसली होती.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण वकिली करते. तिच्याकडे गेले. तिने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या भावाने भरले कशाला?"

"शब्द दिला होता म्हणून."

"अगं, गेलेल्या माणसाचं देणं त्याने मागे ठेवलेल्यातून फेडायचं असतं. पोराच्या पगाराला हात लावायचा ह्यांना काय अधिकार? जागा कुणाच्या नावावर?"

"पहिल्यापासून आईच्या."

"मग तर विषयच नाही. हे चोर तर चोर, वर शिरजोर." तिने चहा मागवला. "पण एक ऐक. कोर्टात गेलीस तर तारखा घेत घेत म्हातारी होशील. आपल्याला कोर्टात जायचंच नाहीये. आपण चपला घालून दारात उभे आहोत, निघालोच आहोत, एवढंच त्यांना वाटलं पाहिजे. पण त्यासाठी हातात काहीतरी पाहिजे. तो काय बोलला ते कुणी रेकॉर्ड केलंय?"

कुणी केलं नव्हतं. तो कोण, त्याचं नाव काय, तेही कुणाला माहीत नव्हतं. "मग तो पुन्हा बोलायला हवा," मैत्रीण म्हणाली. "आणि बोलेल गं. अशा माणसांना बोलायला फार आवडतं."

मग मी जे केलं ते करताना मला इतकी मजा आली की विचारू नका. रजा टाकली, मुलुंडला गेले आणि भावाकडून एजन्सीचा नंबर घेऊन फोन लावला, मुलुंडला आलेल्या माणसाला द्या म्हटलं. आवाजात साखर घोळून म्हटलं, "दादा, आई घाबरलीय हो. या ना घरी, काय ते मिटवून टाकू." दादा लगेच आले. आईला मी आतल्या खोलीत पाठवलं. समोरच्या काकूंना स्वयंपाकघराच्या दाराशी मेथी निवडायला बसवलं, साक्षीदार म्हणून. माझा फोन टेबलावर वर्तमानपत्राखाली. दादांना चहा दिला, वर बिस्किटंसुद्धा दिली.

"पैसे देते, पण पावती हवी," मी म्हटलं. "तुमचं नाव, सही, एजन्सीचं नाव." पैसे म्हटल्यावर त्याचा चेहरा असा फुलला की त्याने सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. ते हातात आल्यावर मी म्हटलं, "पण दादा, नाही जमलं तर?"

तो खुर्चीत मागे रेलला. "त्या दिवशी थोडक्यात सोडलं, मॅडम. पुढच्या टायमाला चार पोरं आणीन. खाली गेटवर बोर्ड लावीन, फोटोसकट."

"कुणाचा फोटो?"

"तुमच्या फादरचा. हार घातलेला रेडीच आहे ना." आणि त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

माझ्या हातात कपबशी होती. ती मी त्याच्या टाळक्यात घातली नाही, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. काकूंच्या हातातली मेथी तशीच राहिली. मी उठले, दार उघडलं आणि म्हटलं, "पैसे आज नाहीत. निघा." तो हसत गेला. हस बाबा, म्हटलं. हसून घे.

रेकॉर्डिंग ऐकून मैत्रीण खुर्चीतून उठलीच. "झकास! हे तर सोनं आहे गं!" मग तिने पेन उघडलं. "बोल, काय हवंय? भावाचे पैसे परत?"

"ते तर हवेतच."

"काहीही येणं नाही असं लेखी?"

"तेही. पण मला तो माणूस जिन्यात हवा. आमच्या जिन्यात. जिथे ओरडला तिथेच उभं राहून त्याने सांगायचं, की ह्यांच्या माणसाने काही बुडवलं नव्हतं, मी खोटं बोललो."

ती हसली. "कायद्याच्या पुस्तकात जिना नाहीये गं."

"मग नोटिशीत घाल."

तिने घातलं. बदनामी, धमकी, म्हाताऱ्या विधवेचा छळ, बेकायदा वसुली, सगळं तिच्या त्या कोरड्या करकरीत भाषेत. नोटीस आईच्या वतीने, कारण बोलले होते आईला. एक प्रत एजन्सीला, एक बँकेला, एक त्या दादांच्या नावाने. इतक्या दिवसांत मागण्या मान्य नाहीत तर पोलीस तक्रार आणि दावा, दोन्ही. आईने सही केली. "कशाला वाढवतेस," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "तू गप्प बस."

आणि मग काय गंमत! आठवड्याच्या आत एजन्सीच्या मॅनेजरचा फोन. मी उचलला नाही. पुन्हा आला, नाही उचलला. भावाच्या फोनची जशी घंटा वाजायची ना वेळी-अवेळी, तशी आता माझ्या फोनची वाजत होती, फक्त घाबरणारं माणूस पलीकडच्या टोकाला होतं. मी भात लावत होते, टीव्ही बघत होते, आणि फोन वाजू देत होते. नवरा म्हणाला, उचल की. म्हटलं, थांब जरा, मुरू दे.

शेवटी उचलला. "मॅडम, गैरसमज झालाय. नवीन मुलगा आहे. तुमचं उरलेलं सगळं आम्ही माफ करतो."

"माफ? तुम्ही?" माझा आवाज असा चढला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "माफी कुणी मागायची आणि कुणी द्यायची हे आधी ठरवू या का?"

तो नरमला. पैसे परत करतो म्हणाला. लेखी देतो म्हणाला. त्या मुलाला कामावरून काढतो म्हणाला. म्हटलं, काढू नका, आधी जिन्यात पाठवा. तिथे मात्र तो अडला. "मॅडम, लेखी माफी घ्या ना, लेटरहेडवर देतो." म्हटलं, तो काय लेटरहेडवर ओरडला होता?

भाऊ मात्र माझ्यावरच वैतागला. "ताई, मिटतंय तर मिटव ना यार. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय मला."

"कुत्रा आवरून भागत नाही," मी म्हटलं. "त्याने घाण केली ते अंगण त्याच्याकडूनच धुऊन घ्यायचं."

"तुला आईचं पडलेलं नाही. तुला जिंकायचंय."

त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. बँकेनेच शेवटी एजन्सीचे कान पिळले असावेत, कारण मॅनेजरचा फोन आला: रविवारी सकाळी येतो, त्याला घेऊन. माफी झाली की काही तक्रार उरली नाही अशा कागदावर आईने सही करायची. मी हो म्हटलं.

रविवारी मी नवी साडी नेसून गेले. हो, नेसले. लग्नाला जावं तशी गेले. भाऊही आला होता, कोपऱ्यात उभा. मॅनेजर आला, हातात भावाच्या पैशांचा चेक आणि कागदांची पिशवी. मागे तो दादा, गॉगल नाही, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. मॅनेजर आत येऊन सोफ्यावर बसायला लागला तशी मी म्हटलं, "बसू नका. बाहेर."

जिन्यात उभं केलं त्याला. आई आमच्या दारात, मी तिच्या बाजूला. त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली. ओठातल्या ओठात. "मोठ्याने," मी म्हटलं. त्याने थोडं मोठ्याने वाचलं. सदर इसमांनी कोणतेही पैसे बुडवले नव्हते, माझ्याकडून चुकीचे शब्द गेले, मी दिलगीर आहे. संपलं.

वरून कुकरची शिट्टी झाली. कुठेतरी टीव्हीवर कीर्तन चालू होतं. समोरच्या काकू तेवढ्या बाहेर आल्या होत्या. बाकी एक दार उघडलं नाही, एक माणूस डोकावला नाही. ओरडला होता तेव्हा अख्ख्या इमारतीने ऐकलं होतं, आणि आता ऐकायला आम्ही घरचेच. एवढ्यासाठी सगळं केलं? हे एवढंसं? मॅनेजरने पिशवीतून कागद काढला. "चला, मॅडम, सही."

तेवढ्यात आई आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती बाहेर आली ती पायात चपला घालून, खांद्यावर पदर घेऊन. त्या माणसाला म्हणाली, "चला."

"कुठे, मावशी?"

"वर. चौथ्यापासून सुरू करू."

आणि ती जिना चढायला लागली. गुडघेदुखीवाली बाई, एका हाताने कठडा धरून, न थांबता. तो मॅनेजरकडे बघायला लागला, मॅनेजर माझ्याकडे. मलाच काही कळेना. मी म्हटलं, "ऐकलं ना? चला."

हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघावं तशी आई दारोदार गेली. बेल वाजवायची. दार उघडलं की म्हणायची, "ह्यांना तुम्हाला काही सांगायचंय. ऐकून घ्या." आणि बाजूला सरकायची. तो वाचायचा. तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत त्याला चिठ्ठी लागेना, पाठ झाली होती. त्याच्या कपाळावर घाम आला. एका वहिनींनी त्याला पाणी विचारलं, तर आई म्हणाली, "नको, अजून खालचे राहिलेत."

मी मागून बघत होते आणि एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. आई त्याच्याकडे बघतच नव्हती. तो वाचत असताना ती दार उघडलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत होती. टक लावून. पोथीला येणाऱ्या बाईंनी मान खाली घातली. "अहो, आम्हाला माहीत होतं, आमचा कुठे विश्वास बसला होता," असं एक काका म्हणायला लागले, तर आई म्हणाली, "हो का? मला बोलला नाहीत ते." सेक्रेटरी बनियनवर आले, शर्ट घालून येतो म्हणाले. आई म्हणाली, "नको, असेच ऐका. आणि मग ग्रुपवर टाका, नीट शुद्धलेखन बघून." दुसऱ्या मजल्यावर समोरच्या काकूंचं दार मात्र तिने वगळलं. "हिला नको. ही तेव्हा बाहेर आली होती."

मग मला कळलं. मी इतके दिवस त्या एका माणसामागे दात-ओठ खात धावत होते. आईने त्याला केव्हाच सोडून दिलं होतं. तो तर परकाच होता. तिला जाळत होती ती बंद दारं. ती घरात बसली होती ती लाजून नव्हे, रागाने. आणि मला वाटत होतं राग फक्त मलाच येतो!

तळमजल्यावरचं शेवटचं घर झालं. तो माणूस भिंतीला टेकला. मॅनेजरने पुन्हा कागद पुढे केला, पेन उघडून दिलं. आईने चष्मा लावून सावकाश वाचलं. भावाचा चेक आणि काही येणं नसल्याचं पत्र तिने पिशवीतून स्वतःच काढून भावाच्या हातात दिलं. मग पेन बंद केलं आणि परत दिलं.

"माझी काही तक्रार उरली नाही, असं लिहिलंय इथे."

"हो, मावशी."

"उरलीय की."

मॅनेजरचा चेहरा पडला. "मावशी, असं नका करू. मॅडमशी सगळं ठरलंय. आम्ही सगळं केलं. डोक्यावर ती नोटीस लटकत राहिली तर..."

"ठरलं ते तिचं. नवरा माझा होता." आई त्याच्याशी अगदी शांतपणे बोलत होती, भाजीवाल्याशी बोलावं तसं. "मी काही कोर्टात जात नाही. पण जाणारच नाही, असंही लिहून देत नाही. घरी बेल वाजली की काय होतं ते जरा तुम्हालाही कळू दे."

"पण मावशी, माफ तरी केलंत ना?"

"करीन. एकदम नाही जमणार," आई म्हणाली. "हप्त्याने करीन."

आणि ती तशीच, आम्हाला कुणाला वर न बोलावता, फाटकाबाहेर भाजी आणायला गेली.